भाकरी, घोडा आणि फेरारी

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं? तिन्हींचं उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. हे जुनं कोडं परवा एका मोटारतज्ज्ञांनी भर सभेत घातलं आणि त्याला पदरचा चौथा प्रश्न जोडला: फेरारीचं इंजिन का बसलं? उत्तर अर्थात तेच. सभेने टाळ्या वाजवल्या. कोडं बिनतोड आहे यात शंका नाही. फक्त फेरारी ही भाकरीही नव्हे आणि घोडाही नव्हे, एवढी क्षुल्लक बाब टाळ्यांच्या गजरात राहून गेली.

पूर्वपक्ष थोडक्यात असा. स्पोर्ट्‌स कारचं इंजिन जन्मजात पळणारं. ते महिनोन्‌महिने उभं राहिलं की ऑइल खाली उतरतं आणि वरचे भाग कोरडे पडतात. पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला चिकटतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दबून दबून दम सोडतात. रबरी सीलं वाळतात. या सगळ्यावर रामबाण उपाय म्हणजे दर रविवारी पार्किंगमध्ये उतरायचं, गाडी चालू करायची, दहा मिनिटं जागच्या जागी चालू ठेवायची, दोन-चारदा दणदणीत रेस करायची आणि बंद करून नाश्त्याला वर जायचं. इंजिन शाबूत, पुण्य पदरात, आणि शेजाऱ्यांना गाडी कोणती आहे तेही कळतं.

निदान चुकलं असतं तर सोडून दिलं असतं. जाणकारांची निदानं चुकतातच. इथे औषधच रोग आहे, आणि ते दर रविवारी घ्यायला सांगितलं जातंय.

आधी किरकोळ मुद्दे. पोलादी स्प्रिंग दबून राहिल्याने थकत नाही, लाखो वेळा दबून-सुटून थकते. उभ्या गाडीत ती सुट्टीवर असते. सीलं उष्णतेने आणि वयाने कडक होतात, आणि उभ्या इंजिनला उष्णता माहीत नसते. संपले दोन मुद्दे.

ऑइल खाली उतरतं हे खरं. तेवढ्याने धातू उघडा पडतो हे खोटं. ऑइलचा पातळ थर बेअरिंगांवर कितीतरी काळ टिकून राहतो. शिवाय ऑइलमधलं जस्त-फॉस्फरसचं रसायन, ज्याला गॅरेजातले लोक झेडडीडीपी म्हणतात, घासणाऱ्या भागांवर जो थर बसवतं तो धातूला चिकटलेला असतो. तो ओघळून तळाच्या संपमध्ये जमा होत नाही. तरीही वादासाठी मान्य करू की दीर्घ विश्रांतीनंतरच्या पहिल्या स्टार्टला थोडी झीज होते. मग चार महिन्यांनी एकदा चालू केलेल्या गाडीत ती झीज एकदा झाली. दर रविवारी चालू केलेल्या गाडीत थंड स्टार्टची झीज सतरा वेळा झाली. आमच्या तज्ज्ञांचं गणित यापुढे कसं जातं, ते त्यांनाच ठाऊक.

गंजाचा मुद्दा जरा वजनदार आहे, म्हणून त्याला थोडी जागा. बिडाच्या बोअरला दमट हवेत गंज धरतो. पण ज्या गाड्यांबद्दल हे बोलणं चाललं आहे त्यांतल्या कितीतरी गाड्यांचं बोअर बिडाचं नसतंच. पोर्शेच्या १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये सिलिंडरला निकासिलचा, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा होता. त्याच कंपनीच्या ९२८ आणि ९४४ या गाड्यांत सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचं बोअर होतं. गंज लोखंडाला लागतो. या पृष्ठभागांवर तो येणार कुठून? कॉर्व्हेटच्या एलएस१ इंजिनात बिडाचे लायनर आहेत, तिथे काळजी घ्यावी. पण काळजी घ्यावी म्हणजे रविवारी रेस करावी असं नव्हे.

आता त्या दहा मिनिटांकडे वळू, कारण खरा राग तिथे आहे.

पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. शाळेतलं रसायनशास्त्र आठवत नसेल तर हिशेब सोपा आहे: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. गाडी रस्त्यावर असेल आणि सगळं तापलेलं असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून सुखरूप निघून जाते. थंड इंजिनात ती थंड धातूला लागते आणि पुन्हा पाणी होते. पाव लिटर पेट्रोल जाळलं तर पाव लिटर पाण्याची सोय झाली. त्यातलं बरंचसं सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून कुजवतं. थोडं रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. सोबत जळणाचा आम्ल अंशही उतरतो. ज्या गंजाच्या भीतीने गाडी चालू केली, त्या गंजाला लागणारं पाणी मालकाने स्वतःच्या हाताने, तेही महागडं पेट्रोल जाळून, इंजिनात पोचवलं.

एवढ्यावर भागत नाही. थंड इंजिनला चालू राहण्यासाठी जास्त पेट्रोल लागतं, म्हणून कॉम्प्युटर मिश्रण दाट करतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि तळाशी जाऊन ऑइलच पातळ करतं. रस्त्यावर अर्धा-पाऊण तास गाडी पळाली की हे पाणी आणि पेट्रोल तापलेल्या ऑइलमधून उडून जातं. पार्किंगमध्ये दहा मिनिटांत ऑइल तापतच नाही. इथे मालकाची फसवणूक डॅशबोर्डवरचा काटा करतो. तो कूलंटचं तापमान दाखवतो. कूलंट चटकन तापतं, काटा मध्यावर येतो, मालक समाधानाने बटण दाबतो. ऑइल तोवर जेमतेम कोमट झालेलं असतं. इंजिनच्या सगळ्या दिवसात ज्या क्षणी त्याला बंद करू नये, नेमक्या त्याच क्षणी ते बंद होतं.

थंड इंजिन रेस करण्याबद्दल काय बोलावं? ऑइल घट्ट, पिस्टन अजून पुरता फुगलेला नाही, आणि हे गृहस्थ काटा पाच हजारांवर नेतात. इंजिन ‘मोकळं’ होतं म्हणे.

आणि बॅटरी? आधुनिक गाडी बंद असतानाही अलार्म, कॉम्प्युटर, रिमोटचा रिसीव्हर थोडी थोडी वीज पीत राहतात. ५० मिलीअँपिअर धरा. आठवड्याला ८.४ अँपिअर-तास गेले. दहा मिनिटं आयडलिंगवर २० अँपिअरने बॅटरी भरली तरी ३.३ परत आले. त्यातून स्टार्टरने खाल्लेले वजा करा. दर रविवारी तोटा, आणि दोन-तीन महिन्यांत बॅटरी उतरलेली. मग हेच मालक म्हणणार, “बघा, दर आठवड्याला चालू करत होतो तरी गाडी बसली, न केली असती तर काय झालं असतं!” बंद तळघरात थंड इंजिन जो कार्बन मोनॉक्साइड सोडतं त्याबद्दल तर सभेत कुणी चकार शब्द काढला नाही. इंजिनची एवढी चिंता; वॉचमनच्या फुप्फुसांची नको.

हे मी एकटाच म्हणतोय असं नाही. अमेरिकेतली लायकमिंग ही विमानांची पिस्टन इंजिनं बनवणारी जुनी कंपनी. तिथे इंजिन बसलं तर गाडी कडेला घेता येत नाही, त्यामुळे मंडळी या बाबतीत फारशी कवी नसतात. दमट हवेत नव्या इंजिनच्या सिलिंडरवर दोन दिवसांतही गंज धरू शकतो, असं ती कंपनी बजावते. आमचे तज्ज्ञ इथपर्यंत वाचून आनंदाने पान मिटतील. पण उपाय पुढे आहे: महिन्यातून एकदा, ऑइल सुमारे ७४ ते ९३ अंश सेल्सिअसवर ठेवून, सलग तासभर उड्डाण करा. जमिनीवर थोडा वेळ इंजिन चालवणं याला पर्याय नाही. त्याने गंज उलट वाढतो. इतकी स्वच्छ शिकवण, आणि आपल्याकडे सोसायटीच्या तळघरात दर रविवारी तिची उत्तरक्रिया.

रविवारचा सल्ला देणाऱ्या या तज्ज्ञ मंडळींचा आणि माझा हा काही पहिला झगडा नव्हे. मागे त्यांनी टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचं व्रत घ्यायला लावलं होतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट मिळतो, हे सांगितल्यावर ‘शुद्धतेचा प्रश्न आहे’ असं उत्तर आलं. त्याआधी ‘सकाळी पाच मिनिटं गरम केल्याशिवाय गाडी हलवू नका’ हा वाद होता. कार्ब्युरेटर आणि चोकच्या जमान्यात त्या सल्ल्याला अर्थ होता. पोर्शेच्या मालकांना मिळणारं पुस्तक सांगतं की इंजिन उभ्या उभ्या गरम करू नका, चालू करून लगेच निघा, फक्त तापेपर्यंत रेटू नका. पुस्तक ग्लव्ह बॉक्समध्ये राहतं आणि सल्ला शेजारून येतो. कार्ब्युरेटर भंगारात गेला, त्याच्यासोबत जायला हवे होते ते सल्ले मात्र पिढीजात इस्टेटीसारखे जपले जातात.

पूर्वपक्षाचं एक अस्त्र उरलं: पोर्शे ९९६. ‘कमी चाललेल्या ९९६ चीच इंजिनं फुटली’ हे वाक्य ऐकवलं की समोरचा गप्प होतो अशी समजूत आहे. मी होत नाही. त्या गाडीच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं एक बंदिस्त बेअरिंग होतं. त्याचं सील निकामी झालं की आतलं ग्रीस धुतलं जाई आणि ऑइलमधली घाण आत शिरे. पण त्याच पिढीच्या ९९६ टर्बो आणि जीटी३ मध्ये वेगळं इंजिन होतं, ज्यात हे बेअरिंग नव्हतं. त्या गाड्या तर अधिक महाग, म्हणजे अधिकच जपलेल्या आणि अधिकच उभ्या. उभं राहणं हा दोष असता तर त्यांनाही तोच रोग जडायला हवा होता; त्यांना तो जडला नाही. पुढे २००९ च्या मॉडेलपासून कंपनीने नव्या इंजिनात तो शाफ्टच काढून टाकला. गाड्या जास्त फिरवा असं फर्मान काढून ती थांबली नाही. आणि बेअरिंगला मारणारं ते घाणेरडं, पाणी-आम्ल मिसळलेलं ऑइल कुठून येतं? वर दहा मिनिटांचा हिशेब दिलाच आहे.

सगळा घोळ आहे तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधण्याचा: गाडी उभी राहणं आणि काळ जाणं. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि तो ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो. मालक ती रोज पळवो अथवा झाकून ठेवो, बेल्टचं रबर कॅलेंडर वाचतं. एफ४३० मध्ये चेन आली आणि तो प्रश्न मिटला. टायरचंही तसंच. २०१३ साली कॅलिफोर्नियात पोर्शे कॅरेरा जीटीच्या ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला, त्याच्या तपासात मुख्य कारण वेग ठरलं. पण टायर नऊ वर्षांचे जुने असल्याचीही नोंद झाली. जपलेल्या गाडीत भीती बाळगायची ती अशा गोष्टींची. पेट्रोल जुनं होऊन त्याचा चिकटा इंजेक्टरमध्ये बसतो. आता आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जे हवेतला ओलावा ओढून घेतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला मानवत नाही. उंदीर वायरी कुरतडतात. या खऱ्या तक्रारी आहेत. त्यांतली एकही दहा मिनिटं इंजिन चालवून सुटत नाही. उंदीरदेखील रविवारी थोडा वेळ बाजूला होतो, इतकंच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि मुंबई-पुण्यातल्या गाड्या एकगठ्ठा उभ्या राहिल्या. एवढा मोठा प्रयोग मुद्दाम ठरवून करता आला नसता. गाड्या पुन्हा बाहेर निघाल्या तेव्हा फोन कुणाला गेले? बॅटरीवाल्यांना. सीझ झालेल्या इंजिनांची रांग कुठल्याही गॅरेजपुढे लागली नाही.

आता मंडन. ते फार लांबवण्यासारखं नाही, कारण करायचं फार थोडं आहे. पावसाळ्यात खड्ड्यांच्या आणि तुंबलेल्या पाण्याच्या भीतीने गाडी चार महिने ठेवायची असेल तर ठेवण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला; वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल चार महिने बेअरिंगांत मुरवत ठेवू नका. मग एक लांब फेरी मारून ऑइल चांगलं तापू द्या. टाकी ताज्या पेट्रोलने भरा. टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा. हँडब्रेक न लावता चाकांना उटी लावा. बॅटरीला चार्जर जोडा. फेरारी तो गाडीसोबतच देते, शोभेसाठी नव्हे. फिरवायचीच असेल तर अर्धा-पाऊण तास नीट फिरवा. तेवढा वेळ नसेल तर किल्लीला हात लावू नका. आणि गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरवून पाहा आणि ऑइलचा दाब येईपर्यंत ठिणगी देऊ नका.

बस, इतकंच. यात आवाज नाही, प्रेक्षक नाहीत, म्हणून हा सल्ला लोकप्रिय होणार नाही, याची मला कल्पना आहे.

यापुढे ‘उभं राहून बसलेलं’ इंजिन कुणी पुरावा म्हणून पुढे केलं तर त्यासोबत एक कागद मागावा: गाडी ठेवण्याआधी ऑइल बदलल्याची पावती. ती नसेल आणि मालक दर रविवारी दहा मिनिटं गाडी चालू करत असेल, तर इंजिन कशाने गेलं हे शोधायला तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. बहुधा त्याच तज्ज्ञांच्या सल्ल्याने ते गेलेलं असेल.