यंत्र घेऊन येणाऱ्यास ‘हो’ म्हणण्यापूर्वी



बेणे, खत, पाणी आणि टनेज यांवर आपण या पानांत नेहमीच बोलतो. आज विषय थोडा निराळा आहे, पण आहे आपल्याच वावराचा.

आमच्या मारेगाव भागात ऊस थोडा, कापूस जास्त. माझा जो काही ऊस आहे तो रिठाला लागून आहे. पांढरी माती, खापराचे तुकडे, नांगराला लागणाऱ्या जुन्या विटा, सारे तिथे आहे. मागे एका हंगामात ऊस तुटून गेल्यावर दोघे जण मोटारसायकलवर आले. पिशवीत धातू शोधायचे यंत्र. म्हणाले, “काका, वावर मोकळं झालं. एक दिवस यंत्र फिरवू द्या. काही निघालं तर निम्मं तुमचं.” मी म्हटले, “फिरवा ना बा, माझं काय जाते?”

काय गेले ते आठ दिवसांनी कळले. रात्री येऊन त्यांनी गुडघाभर खोल सात खड्डे केले होते. ठिबकची नळी दोन जागी तुटली, खोडव्याची बुडखे उपटली गेली. त्यांना काही सापडले की नाही, देव जाणे. धाकट्या भावाने एवढेच विचारले, “दादा, सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. मले विचारलं होतं का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मग चौकशी केली. गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली की सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. लपवले तर त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याला सामील झालेला जमीनमालकही सुटत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वस्तू बेवारस ठरली आणि आपसात करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एकच हिस्सा जमीनमालकाचा. म्हणजे ते तोंडी ‘निम्मं’ मी सिद्ध कसे करणार होतो? शिवाय पुराणवस्तूंसाठी खोदकाम करायचे तर विद्यापीठालाही केंद्राच्या पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. मग माझ्या एकट्याच्या ‘हो’ला किंमत ती किती!

आता कोणी म्हणेल, कळवले तर सरकार वावरच अडकवून टाकेल. ही भीती अगदीच खोटी नाही. सापडलेले धन सरकारने घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो, जमीन जात नाही. पण जागा केंद्राने संरक्षित जाहीर केली तर १९५८ च्या कायद्याने तिथे एक फुटापेक्षा खोल न खणताच शेती करता येते. उसाची खोल नांगरट करणाऱ्याला हे जड जाणारच. अशा शेतकऱ्याचे म्हणणे सरकारने आधी ऐकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण गप्प राहिल्याने काय बुडते तेही पाहा. नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सारे मिळून साठ किलोंच्या वर वजन. मोडीत घातले असते तर भांडी झाली असती. ते सरकारजमा झाले, पुढे तिथे मोठे उत्खनन झाले आणि हजारो वर्षांपूर्वीची वस्ती उजेडात आली. आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला, तेव्हा पुराणांच्या याद्यांत नसलेल्या राजांची नावे मिळाली. नाणे कुठल्या वावरात, कशासोबत निघाले, हे कळले तरच ते बोलते. रात्रीच्या खड्ड्यातून निघालेले नाणे मुके असते.

म्हणून सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणा, असे मी म्हणत नाही. खरा अभ्यासू दिवसा येतो. गॅझेटियर आणि गावनकाशा पाहून कोणते रीठ कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. सातबारा काढून तो सगळ्या खातेदारांना विचारतो, ई-क्लासची जमीन असेल तर तहसीलमध्ये जातो, आणि खात्याचा परवाना दाखवतो. इंग्लंडात हे यंत्र छंद म्हणून चालते, पण तिथेही मालकाची परवानगी लागते. २००९ साली स्टॅफर्डशायरच्या एका शेतात सोन्याचा मोठा साठा निघाला, तेव्हा बक्षिसाची रक्कम शोधणारा आणि शेतकरी यांना निम्मी-निम्मी मिळाली. कारण व्यवहार उघड होता.

गुप्तधनासाठी पूजा सांगणारा आला, तर त्याला धुऱ्यावरूनच परत लावा. त्या नावाखाली अघोरी कृत्य करणे हा २०१३ पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे.

संचालक मंडळाला एक सूचना आहे. शेतकी खात्याचे कर्मचारी उसाची नोंद घ्यायला बांधावर येतातच. कोणाचे वावर रिठाला लागून आहे तेही त्यांनी टिपून घ्यावे, आणि परवानगीचा एक छापील नमुना गट ऑफिसात ठेवावा. त्यावर सगळ्या खातेदारांच्या सह्या, येणाऱ्याचे नाव-गाव, परवान्याचा क्रमांक, खड्डे बुजवण्याची आणि नुकसानीची हमी असावी. खर्च कागदाचा तेवढा. येत्या वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. सभासदांनी विचार करून यावे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद, मारेगाव