प्रदर्शन मांडणारा कोण घडविणार?

आपल्यापैकी अनेकांच्या वस्तीत एप्रिल महिन्यात छायाचित्रांचे प्रदर्शन भरते. विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतींवर महाडच्या, नाशिकच्या, नागपूरच्या चित्रांची रांग लागते. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून कोणी एक तरुण ठरवीत असतो की, आरंभी कोणते चित्र यावे, समोरच्या भिंतीवर एकटे कोणते राहावे आणि खाली दोन ओळी कोणत्या लिहाव्यात. सकाळी आपण मुलाबाळांसह जातो, चित्रे पाहतो व समाधानाने परततो. मांडणी कोणी केली हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तरीसुद्धा आपण काय समजून घरी गेलो, ह्याचा अर्धा भाग त्या तरुणाने आदल्या रात्रीच ठरविलेला असतो.

जगातील मोठ्या कलासंग्रहालयांत हेच काम करणाऱ्या माणसास क्युरेटर म्हणतात. सरकारी मराठीत त्यास अभिरक्षक असा शब्द आहे. त्या शब्दाने राखणदार डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि जुन्या नाण्यांच्या व मूर्तींच्या संग्रहालयापुरते ते खरेही आहे. परंतु हयात कलावंतांच्या, म्हणजे आजच्या कलेच्या प्रदर्शनात क्युरेटरचे मुख्य काम निवडीचे असते. कोणत्या कलावंताचे काम पाहावयास जावयाचे, त्याची कोणती कृती मागावयाची, ती कोणाच्या शेजारी लावावयाची, पुस्तिकेत तिच्याविषयी काय लिहावयाचे आणि कोणाला मुळीच बोलवावयाचे नाही, हे सर्व तो ठरवितो. ह्यांपैकी शेवटचा अधिकार सर्वांत मोठा होय; आणि तो बजावला गेला तरी प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाही.

हा अधिकार चालविणारा माणूस घडतो कोठे, हा माझ्या आजच्या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी मी आपणांस न्यूयॉर्क शहरातील हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत नेऊ इच्छितो. ती जागा आपणांस अगदीच परकी नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे. पुढे १९४६ मध्ये त्यांनी ड्यू बॉइस ह्या कृष्णवर्णीय विद्वानांस पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती.

जानेवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'हार्लेम ऑन माय माइंड' ह्या नावाचे मोठे प्रदर्शन भरविले. हार्लेमचे रस्ते, हार्लेमची चर्चे, हार्लेमचे नाचगाणे, हार्लेमचे लोक, सारे काही भिंतभर मोठ्या केलेल्या छायाचित्रांतून दाखविले होते. परंतु हार्लेममध्ये राहून चित्रे रंगविणाऱ्या व शिल्पे घडविणाऱ्या कलावंतांची एकही कृती तेथे नव्हती. वस्ती पाहण्यासारखी ठरली, वस्तीतील चित्रकार मात्र पाहण्यासारखा ठरला नाही. कलावंत फलक घेऊन संग्रहालयाच्या दारात उभे राहिले. बेनी अँड्र्यूज व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्याच सुमारास एक संघटना बांधली आणि तिने पुढे जी मागणी लावून धरली ती आपण नीट ध्यानात घ्यावी. आमची चित्रे लावा, एवढेच त्यांचे म्हणणे नव्हते. चित्रे निवडणाऱ्यांत आमची माणसे बसवा, असे ते म्हणत होते. दोन वर्षांनी, १९७१ मध्ये, व्हिटनी संग्रहालयाने कृष्णवर्णीय कलावंतांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले; पण त्याची निवड पुन्हा गोऱ्या क्युरेटरच्याच हाती ठेवली, तेव्हा कित्येक कलावंतांनी आपल्या कृती परत घेतल्या. भिंत मिळत असताना ती नाकारणे कलावंताला किती जड गेले असेल, ह्याची कल्पना करून पाहावी.

ह्याच सुमारास हार्लेममध्ये एक वेगळीच गोष्ट चालू झालेली होती. सप्टेंबर १९६८ मध्ये पाचव्या ॲव्हेन्यूवर, एका दारूच्या दुकानाच्या वरच्या भाड्याच्या मजल्यावर, 'स्टुडिओ म्युझियम इन हार्लेम' सुरू झाले. त्याचे पहिलेच प्रदर्शन टॉम लॉइड ह्या कृष्णवर्णीय कलावंताचे होते, आणि त्यात माणसाची एकही आकृती नव्हती. रंगीत विजेचे दिवे ठराविक क्रमाने लागत व विझत, एवढेच. आलेल्या लोकांपैकी काही रागावले. ह्या दिव्यांचा आमच्या जीवनाशी संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. परंतु माझ्या मते मांडणाऱ्यांचे उत्तरही तितकेच रास्त होते. आमच्या कलावंताने काय करावे हे गोऱ्याने ठरवू नये, तसे आम्हीही ठरवू नये, हा त्या निवडीचा अर्थ होता.

त्या मजल्यावर आरंभापासून कलावंतांसाठी कार्यशाळा ठेवलेल्या होत्या, व त्यावरूनच संस्थेला नाव पडले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तेथे क्युरेटरही घडू लागले. १९८७ मध्ये महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या थेल्मा गोल्डन तेथे उमेदवारीस लागल्या. पुढे त्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या, तेथे १९९४ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषाच्या प्रतिमेविषयी त्यांनी मांडलेल्या प्रदर्शनाने मोठा वाद उसळला, आणि २००० मध्ये त्या हार्लेमला परतल्या. त्यांच्याबरोबरच संचालक म्हणून आल्या लोअरी स्टोक्स सिम्स. १९७२ मध्ये, म्हणजे त्या गाजलेल्या प्रदर्शनानंतर अवघ्या तीन वर्षांनी, सिम्स मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नोकरीस लागल्या होत्या आणि तेथील पहिल्या कृष्णवर्णीय क्युरेटर ठरल्या होत्या. एकीने परक्या घरात सत्तावीस वर्षे काढून कसब मिळविले होते, दुसरीने आपल्या घरात आरंभ केला होता. २००५ मध्ये गोल्डन संचालक झाल्या.

गोल्डन ह्यांनी २००१ मध्ये 'फ्रीस्टाइल' हे २८ तरुण कलावंतांचे प्रदर्शन मांडले, तेव्हा क्रिस्टीन किम ही तरुण सहकारी त्यांच्या जोडीला होती. त्यानंतरच्या काळात ह्या संस्थेत काम केलेली माणसे कोठकोठे गेली ते पाहा. थॉमस लॅक्स न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात गेले. रुजेको हॉकली ह्यांनी व्हिटनीचे २०१९ चे द्वैवार्षिक प्रदर्शन एका सहकाऱ्यासमवेत निवडले. होय, त्याच व्हिटनीचे. नाओमी बेकविथ शिकागोमार्गे गुगेनहाइम संग्रहालयात मुख्य क्युरेटर झाल्या, आणि २०२४ च्या अखेरीस जर्मनीतील कासेल येथे २०२७ साली व्हावयाच्या डॉक्युमेंटा ह्या जगप्रसिद्ध प्रदर्शनाची सूत्रे त्यांच्याकडे आली. भाड्याच्या एका मजल्यातून निघालेली ही वाट आहे.

आता, हे शिक्षण नेमके असते कसले? पुस्तकी भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो आता बहुत ठिकाणी मिळतो. फ्रान्समधील ग्रनोबल येथे १९८७ मध्ये, अमेरिकेतील बार्ड महाविद्यालयात व ॲम्स्टरडॅम येथे १९९४ मध्ये क्युरेटरांचे अभ्यासक्रम निघाले. परंतु ह्या विद्येचा मोठा भाग हाताखाली राहूनच येतो. पेटी उघडल्याबरोबर चित्राची तपासणी करून प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदविणे, विमा उतरविणे, कागदावरील जलरंगास ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश लागू न देणे, पैसे संपत आले असता काय गाळावयाचे ते ठरविणे, कलावंताला नकार द्यावयाचा तो त्याचा अपमान न करता देणे. आपल्या जयंतीच्या प्रदर्शनातील तरुणाला हे कोणी सांगितलेले नसते. तो घरोघरीची जुनी छायाचित्रे मागून आणतो आणि चिकटपट्टीने थेट भिंतीला लावतो; चिकटपट्टी पिवळी पडते, काढताना चित्राचा कोपरा तिच्याबरोबर निघून येतो. दोष त्याच्या निष्ठेचा नाही. त्याला शेजारी उभे राहून शिकविणारे कोणी मिळाले नाही.

काही लोक म्हणतील, ज्याच्या अंगी दृष्टी आहे त्यास उमेदवारी कशाला हवी? ते ओक्वी एन्वेझोर ह्यांचे नाव घेतील, आणि ते नाव वजनदार आहे. नायजेरियात जन्मलेला हा माणूस कलेतिहासाची पदवी न घेता, राज्यशास्त्र शिकून क्युरेटर झाला. १९९४ मध्ये त्याने मित्रांसह आफ्रिकी कलेचे एक नियतकालिक काढले, आणि २००२ चे डॉक्युमेंटा त्याच्या हाती आले. पण नियतकालिक ही देखील उमेदवारीच होय. कोणता लेख घ्यावयाचा, कोणता परत करावयाचा, कोणते चित्र मुखपृष्ठावर यावे, हे अंकामागून अंक ठरविताना माणूस निवड करावयास शिकतो. (आपल्या पाक्षिकांतून व दिवाळी अंकांतून राबणाऱ्या तरुणांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) शिवाय हजारांत एखादा असा निघतो, म्हणून उरलेल्यांना दार बंद ठेवणे हा कोणता न्याय?

दाराचा खरा अडसर पैशाचा आहे. अमेरिकेत मेलन प्रतिष्ठानने २०१५ मध्ये कलासंग्रहालयांतील नोकरवर्गाची पाहणी प्रसिद्ध केली. क्युरेटर, जतनतज्ज्ञ, शिक्षणाधिकारी व वरिष्ठ अधिकारी ह्या जागांवर ८४ टक्के माणसे गोरी आढळली; कृष्णवर्णीय ४ टक्के. पहारा व इमारतीची देखभाल ह्या कामांत मात्र बिगरगोऱ्यांचे प्रमाण पुष्कळ अधिक होते. हे वाचून आपणांस आश्चर्य वाटणार नाही. कारण उघड आहे. ह्या व्यवसायाचा उंबरठा म्हणजे बिनपगारी उमेदवारी. वर्ष-दोन वर्षे महागड्या शहरात राहून फुकट राबणे ज्याच्या बापाला परवडते, तोच आत जातो. मेलन प्रतिष्ठानने २०१३ पासून पाच संग्रहालयांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेतन देऊन एकेका क्युरेटरच्या हाताखाली ठेवण्याची योजना चालू केली, आणि संग्रहालय-संचालकांच्या तेथील संघटनेने २०१९ मध्ये ठराव करून उमेदवारांना वेतन द्यावे असे आवाहन केले. इतक्या उशिरा का होईना, गोष्ट मान्य झाली.

आणखी एक सापळा आहे व तो गोड आहे. उपेक्षित समाजातील तरुणास क्युरेटर म्हणून घ्यावयाचे, परंतु त्याच्याकडे त्याच्या समाजाचेच विषय सोपवावयाचे. वर्षातून एक महिना त्याचा, बाकीचे अकरा महिने इतरांचे. अशा नेमणुकीला मी अर्धी नेमणूक म्हणतो. आपल्या लोकांची कला त्याने अवश्य मांडावी, कारण ती त्याच्याइतकी जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेली नसते. परंतु अजिंठ्यापासून आजच्या विद्युत्-चित्रांपर्यंत सर्व कलेवर त्याचा हक्क आहे, हे त्याला शिकविणाऱ्याने प्रथम कबूल केले पाहिजे.

आपल्या देशात काय आहे? संग्रहालयशास्त्राचा विभाग बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ मध्येच निघाला. ज्या बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियास गेले, तेच हे बडोदे. कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाने २०१४ पासून विद्यार्थ्यांचे निराळे प्रदर्शन चालू केले व त्यासाठी तरुण क्युरेटरांना देशातील सरकारी कलाशाळांतून पाठविले. ही योजना मला फार मोलाची वाटते, कारण आपली मुले असतात ती सरकारी कलाशाळांतच. उणीव एवढीच की, प्रदर्शन उठल्यावर त्या तरुण क्युरेटराला दुसऱ्या वर्षी कोठे उभे राहावयाचे हे कोणी सांगत नाही. २०२१ मध्ये प्रभाकर कांबळे ह्या चित्रकाराने स्वतःच क्युरेटर होऊन विषमतेवर 'ब्रोकन फूट' हे प्रदर्शन आंतरजालावर मांडले. चित्रकाराला स्वतःच हे काम अंगावर घ्यावे लागते, ह्याचे मला कौतुकही आहे आणि खंतही आहे.

उद्या आपली मुलगी मुंबईच्या किंवा नागपूरच्या कलाशाळेतून घरी येईल आणि म्हणेल, मला चित्रे काढावयाची नाहीत, मांडावयाची आहेत. आपण चमकू नये. ही कसली नोकरी, असे आईने म्हणणे स्वाभाविक आहे, परंतु तेथेच थांबू नये. ज्या संस्थेत ती जाऊ पाहते तेथे तिला महिन्याकाठी काय मिळणार, ती कोणाच्या हाताखाली राहणार, आणि वर्षअखेर निदान एक खोली, थोडे पैसे व स्वतःच्या नावावर एक प्रदर्शन तिला मिळणार की नाही, हे तिला विचारावयास लावावे. तिसऱ्या प्रश्नाला नकार आला तर ती संस्था तिला शिकविणार नाही, केवळ राबवून घेईल. आणि तोवर आपल्या वस्तीतील जयंतीच्या प्रदर्शनाची एक भिंत तिच्या हवाली करावी. तिने लावलेली रांग मंडळाच्या अध्यक्षांनी मध्यरात्री येऊन बदलू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले.

हार्लेमच्या त्या संस्थेने पुढे १२५ व्या रस्त्यावर स्वतःची जागा मिळविली, आणि तेथेच बांधलेली तिची नवी इमारत १५ नोव्हेंबर २०२५ रोजी लोकांसाठी खुली झाली. पहिल्या प्रदर्शनांत टॉम लॉइडचे होते. तो कलावंत १९९६ मध्येच निवर्तला. लोक ज्यांच्यावर रागावले होते ते त्याचे दिवे ह्या वेळी संस्थेच्याच क्युरेटरांनी शोधून, दुरुस्त करवून, पुन्हा लावले.