पातूरच्या वाचनालयात बियाण्याचं कपाट हवं



२०२४ च्या मे महिन्यात कपाशीच्या ठराविक वाणासाठी कास्तकार अकोल्यात भर उन्हात रांगा लावून उभे होते. जिथं कृषी विद्यापीठ आहे, राज्याच्या बियाणे महामंडळाचं, म्हणजे महाबीजचं मुख्यालय आहे, तिथं ही गत! कपाशीचा प्रश्न या पत्रकानं सुटणार नाही. संकरित बी दुसऱ्या वर्षी जातीवर टिकत नाही, म्हणून दरसाल दुकान गाठावंच लागतं. पण वाल, चवळी, गवार, अंबाडी, भरताचं वांगं? यांचं बी कशाला विकत आणायचं? आपल्या आज्या ते घरीच धरत, राखेत घोळून ठेवत, मागेल त्याला मूठभर देत. ही रीत आपण आपल्या हातानं मोडली.

आमची मागणी एवढीच : गावातल्या वाचनालयात बियाण्याचं एक कपाट ठेवा. वाचक पुस्तक नेतो तसं बी न्यावं, हंगाम झाला की दुप्पट आणून द्यावं. पुडीवर वाणाचं नाव, कोणत्या परसातलं, कोणत्या साली धरलं, हे लिहावं. अमेरिकेत रिचमंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात २०१० मध्ये हे चालू झालं.

कुणी म्हणेल, कायद्यात बसतं का? बसतं. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचं कलम ३९ वाचा. आपल्या शेतातलं बी राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, वाटणं, विकणंसुद्धा शेतकऱ्याचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं विकता येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एका ग्रंथालयाच्या अशाच कपाटावर २०१४ मध्ये तिथल्या कृषी खात्यानं बियाणे कायद्यावर बोट ठेवून हरकत घेतली होती. आपल्याकडे हक्क कायद्यात लिहिलेला आहे, आणि आपण तो वापरत नाही!

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. अकोले तालुक्यातल्या आपल्या घरात त्यांनी गावरान वाणांची बँक उभी केली. २०२० च्या पद्मश्रीत त्यांचं नाव आलं. पातुरात वाचनालय आहे, शाळा आहेत, नगर परिषद आहे. मग अडलं कुठं?

सुरुवात वाल-चवळीपासून करा, त्यांचं बी सहसा भेसळत नाही. दोडका, भोपळा, काकडीचं तसं नाही; कीटक परागकण इकडून तिकडे नेतात. म्हणून मादी कळी उमलण्याआधीच दोऱ्यानं बांधा, उमलायच्या वेळी त्याच वाणाच्या नरफुलानं हातानं परागीकरण करा आणि पुन्हा बांधून टाका. वेलीवरचं असं बांधलेलं जोमदार फळ भाजीला तोडू नका, पिकू द्या. वांगं पिवळं पडल्यावरच बी काढा, सावलीत वाळवा. आणि देण्याआधी थोडं बी ओल्या गोणपाटात उगवून पाहा. न उगवणारं बी शेजाऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्याचा हंगाम बुडवणं आहे.

वाचनालयाच्या चालकांनी मृग लागायच्या आत कपाट मोकळं करून द्यावं. शिक्षकांनी मुलांकरवी घराघरातल्या वाणांची नावं लिहून घ्यावी. आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी डबे, गाठोडी, फडताळं आजच धुंडाळावीत. जे बी सापडेल ते, मूठभर का असेना, घेऊन या.