शब्द आले म्हणजे गाणें आलें काय ?

आमच्या उमरीसारख्या लहान गांवीं संगीतावर वाद होतात, हें पुण्यामुंबईच्या वाचकांस कदाचित् खरें वाटणार नाहीं. परंतु ते होतात, आणि त्यांत शहरांतल्याइतकीच ईर्ष्या असते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या बैठकींत असाच एक वाद निघाला. विषय होता दिल्लीचा 'इंडियन ओशन' हा वाद्यवृंद आणि त्याच्या पहिल्या तीन ध्वनिमुद्रिका. मंडळी सुशिक्षित, कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी बँकेंतले अधिकारी. सर्वांचा निकाल एकच पडला : १९९३ सालची पहिली मुद्रिका म्हणजे उमेदवारी, १९९७ सालची 'डेझर्ट रेन' म्हणजे तालीम, आणि २००० सालची 'कंदिसा' म्हणजे खरें गाणें. कां, असें विचारतां उत्तर मिळालें, "पहिल्या दोहोंत शब्द आहेत कोठें ? 'कंदिसा'मध्यें शब्द आले, अर्थ आला, म्हणून गाणें आलें." हें मत केवळ आमच्या बैठकीचें असतें तर मीं लेखणी उचलली नसती. परंतु तें मराठी श्रोत्याच्या हाडींमांसीं खिळलेलें मत आहे. तें चुकीचें आहे. आणि त्याची झळ दिल्लीच्या वाद्यवृंदास नव्हे, तर आमच्या मराठवाड्यांतील गाण्यास लागत आहे. म्हणून हा प्रपंच.

ज्यांच्या कानांवर हें नांव आलें नसेल त्यांच्याकरितां थोडी माहिती देणें अवश्य आहे. सुस्मित सेन व आशीम चक्रवर्ती या दोघांच्या मैत्रींतून १९९० सालीं दिल्लींत हा वृंद उभा राहिला. लवकरच राहुल राम त्यांस मिळाले, आणि १९९४ सालीं अमित किलाम आले. सेन यांची गिटार विलायती. परंतु तिची चाल रागदारीच्या अंगानें जाणारी. चक्रवर्ती तबला वाजवीत, आणि वाजवितां वाजवितांच गात. राहुल राम खर्जाची गिटार वाजवितात व गातात. किलाम यांच्याकडे विलायती पद्धतीचे ढोल, आणि जोडीला बंगालच्या बाउलांचें गबगुबी. पहिली मुद्रिका एच्. एम्. व्ही. कंपनीनें १९९३ सालीं काढली. दुसरी, 'डेझर्ट रेन', ही १९९७ सालीं 'सहमत' या संस्थेच्या दिल्लींतील जाहीर कार्यक्रमांत, प्रत्यक्ष जनसमुदायासमोर मुद्रित झाली. तिसरी, 'कंदिसा', टाइम्स म्यूझिकनें २००० सालीं बाजारांत आणली, आणि तिनें या मंडळींचें नांव देशभर केलें. चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरांत निवर्तले, सेन २०१३ सालीं वृंदांतून बाहेर पडले. वृंद मात्र नव्या साथीदारांसह पुढें चालला. आपल्यास येथें कर्तव्य आहे तें त्याच्या आरंभींच्या वर्षांशीं.

प्रतिपक्षाचें म्हणणें मी त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडतों, म्हणजे अन्याय केल्याचा ठपका माझ्यावर येणार नाहीं. पहिल्या दोन मुद्रिका मुख्यतः वाद्यांच्याच आहेत. कंठ येतो तो प्रायः आलापाच्या रूपानें, वाद्यांतलेंच एक वाद्य होऊन. याउलट 'कंदिसा'मध्यें नर्मदेवरचें लोकगीत आहे. गोरख पांडे यांच्या भोजपुरी कवितेवरून घेतलेलें 'हिल्ले रे' आहे. म्हणजे नदी आहे, कष्टकरी माणूस आहे, त्याचा संताप आहे. ज्या देशांत सामान्य माणसाचें दुःख अजून पुरतें बोलून झालेलें नाहीं, तेथील श्रोत्यानें शब्दांकडे ओढ घेतली तर त्यांत नवल काय ? हें सर्व मला मान्य आहे. 'कंदिसा' ही थोर कृति आहे, हेंही मान्य आहे. वाद तिच्या थोरवीबद्दल नाहीं. ती थोरवी कोठून आली याबद्दल आहे.

आतां माझ्या मित्रांस मी एकच प्रश्न करतों. या मुद्रिकेंतलें तुम्हांस सर्वांत प्रिय गाणें कोणतें ? बैठकींत मीं हें विचारलें तेव्हां एकमुखानें उत्तर आलें : मुद्रिकेस जिचें नांव मिळालें ती 'कंदिसा' ही प्रार्थना. छान ! ही केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेंतली जुनी प्रार्थना. तिची भाषा सुरियानी, म्हणजे अरामी भाषेची एक शाखा. उमरींत ही भाषा कोणास येते ? नांदेडांत कोणास येते ? शब्दाचे हे कैवारी ज्या गाण्यावर आपला सगळा पक्ष उभा करतात, त्या गाण्यांतला शब्द त्यांस कळतच नाहीं ! 'कंदिसा' म्हणजे 'पवित्र', एवढें त्यांतल्या एका गृहस्थांस ठाऊक होतें. पण तेंही गाणें मनांत भरल्यानंतर त्यांनीं कोठें तरी वाचलें होतें. मग 'अर्थ आला म्हणून गाणें आलें' हा सिद्धान्त राहिला कोठें ?

आणि यासाठीं दिल्लीस तरी कशाला जावयास पाहिजे ? नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यांत आमच्या आयाबहिणी डोईवर पदर घेऊन कीर्तन ऐकत बसतात. पंजाबी त्यांस येत नाहीं. 'याचा अर्थ काय ?' म्हणून विचारा. त्या हसतील आणि पुन्हां ऐकूं लागतील. त्यांच्या त्या हसण्यांत आमच्या बैठकींतील साऱ्या युक्तिवादांपेक्षां अधिक शहाणपण आहे.

मग 'कंदिसा'मध्यें मनाची पकड घेतें तें काय ? चार माणसांनीं एकमेकांस दिलेली जागा. एक स्वर लागतो, दुसरा त्यास वाट देतो. ताल घाई करीत नाहीं. आवाज चढतो तो वाद्यांच्या डोक्यावर बसून नव्हे, त्यांच्या खांद्यास खांदा लावून. ही विद्या २००० सालीं आकाशांतून पडली नाहीं. ती शिकल्याची वही म्हणजेच त्या आधींच्या दोन मुद्रिका. १९९३ ची मुद्रिका ऐका. तिच्यांत दोष आहेत, ते मी झांकीत नाहीं. कांहीं ठिकाणीं गिटार एकटीच पुढें धांवते, कांहीं ठिकाणीं जोड दिसून येतो, मुद्रणगृहाचा थंडपणा मधून मधून जाणवतो. परंतु शब्दाचा आधार न घेतां श्रोत्यास धरून ठेवावयाचें, अशी पैज या मंडळींनीं तेथें मांडली आहे. शब्द असता तर स्वर कच्चा राहिला तरी चाललें असतें. श्रोता अर्थाच्या मागें लागून स्वराचा अपराध पोटांत घालतो. शब्दच नाहीं म्हटल्यावर अपराध लपविण्यास जागा उरत नाहीं.

'डेझर्ट रेन'मध्यें ही पैज त्यांनीं लोकांसमोर मांडली, आणि माझ्या मतें तेथेंच जिंकली. समोर माणसें बसलीं आहेत, पुन्हां वाजवून चूक पुसण्याची सोय नाहीं, आणि अशा वेळीं हे वाद्यांच्या बळावर उभे आहेत ! या मुद्रिकेंत चुकीचें भय दिसत नाहीं. एकमेकांवरचा भरंवसा दिसतो. वाळवंटांतला पाऊस हें नांव आम्हां मराठवाड्यांतल्या लोकांस उलगडून सांगावें लागत नाहीं. ढग येतात आणि जातात, मनुष्य आभाळाकडे पाहत राहतो, आणि एखाद्या संध्याकाळीं पहिला थेंब धुळींत पडतो. हें शब्दांत सांगावयाचें तर आमच्याकडे शंभर कविता आहेत. तो थेंब पडण्याआधींची स्तब्धता ऐकावयाची असेल तर मी ही मुद्रिका लावतों. तीन मुद्रिकांत एकच ठेवावयाची आज्ञा झाली तर मी 'कंदिसा' नव्हे, 'डेझर्ट रेन' ठेवीन.

मराठी कानास ही शब्दाची चटक लागली कधीं, याचाही विचार केला पाहिजे. ती सनातन नव्हे. बालगंधर्वांच्या काळीं नाट्यगृहांतले लोक एकाच पदास पुन्हां पुन्हां 'वन्स मोअर' देत, तें पदांतला अर्थ विसरला म्हणून नव्हे. भजनांत नामाचा तोच घोष घटकाघटका चालतो. शब्द तोच, वाढत जातो तो रंग. गोंधळांत प्रथम बोलतें तें संबळ. गोंधळी मागाहून तोंड उघडतो. आमची ही जुनी ऐट मोडली ती, मला वाटतें, ग्रामोफोनच्या तबकडीनें. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. तेवढ्यांत कवितेचीं दोन-तीन कडवीं बसवावयाचीं म्हणजे स्वरास हातपाय पसरण्यास अवकाश कोठून मिळणार ? त्या तीन मिनिटांनीं मराठीस सुंदर भावगीतें दिलीं, हें उपकार कोणीही नाकारणार नाहीं. परंतु तबकडी गेली, कॅसेट आली आणि गेली, आतां खिशांतल्या यंत्रांत अहोरात्र संगीत मावतें, तरी आमच्या कानांतलें माप तें तीन मिनिटांचेंच राहिलें. त्या मापानें मोजल्यावर 'डेझर्ट रेन' लांबट व मुकें वाटावें, हें ओघानेंच आलें.

आतां 'मा रेवा'कडे वळूं. कारण प्रतिपक्षाचा खरा बालेकिल्ला तोच आहे. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम यांनीं नव्वदीच्या आरंभीं नर्मदा बचाव आंदोलनांत काम केलें होतें; त्या खोऱ्याशीं त्यांचा संबंध पुस्तकी नव्हता. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं महाराष्ट्रांतलीं तेहतीस गांवें येत होतीं, आणि अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेलीचें नांव त्या लढ्यांत देशभर झालें. तेव्हां हें गाणें आम्हां महाराष्ट्रीयांस परकें नाहीं. 'कंदिसा' निघाली त्याच वर्षीं, ऑक्टोबर २००० मध्यें, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल धरणाच्या बाजूनें लागला. हें सर्व ठाऊक असलेला श्रोता तें गाणें ऐकून हेलावतो. पण ज्याला यांतलें कांहींच ठाऊक नाहीं तोही हेलावतो, याचें कारण काय ? कारण असें कीं या मंडळींनीं त्या गीतास सजविलें नाहीं. त्यांनीं त्याच्या शेजारीं बसून त्याची चाल ऐकली, आणि आपलीं वाद्यें त्या चालीनें चालविलीं. लोकगीतास जागा करून देण्याची ही सभ्यता अंगीं येण्यास आधीं आपल्या वाद्याचा सोस जिरावा लागतो. तो जिरला त्या निःशब्द वर्षांत. पुढें २००३ सालीं 'झीनी'मध्यें कबीर आला, तोही याच मोकळ्या झालेल्या जागेंत येऊन बसला.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, दिल्लीकरांच्या मुद्रिकांची वरखालीं लावण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला ? तर ऐका. अलीकडे आमच्याही भागांतल्या तरुणांस गिटार आणि संबळ एकत्र आणण्याची हौस उत्पन्न झाली आहे. हौस उत्तम आहे. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ, माळेगांवच्या खंडोबाचीं वाघ्यामुरळीचीं गाणीं, तांड्यावरचीं बंजारा गीतें, हलगीचा कडकडाट. इतकें धन ज्या जिल्ह्याच्या पदरीं आहे त्यानें तें कां उजेडांत आणूं नये? परंतु मागील नवरात्रांत मीं असा एक कार्यक्रम ऐकला. गीत अस्सल, गळा चांगला. आणि भोंवतीं काय? यंत्रांत भरून ठेवलेला ताल, कर्णकर्कश गिटार, आणि कोपऱ्यांत एक म्हातारा गोंधळी, ज्याचें संबळ पहिल्या रांगेसही ऐकूं येत नव्हतें. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलांस मीं हें बोलून दाखविलें. ते नम्रपणें म्हणाले, "काका, शब्द तर आपल्या मातीचेच घेतले आहेत ना ?" त्यांचा दोष नाहीं. शब्द आपले घेतले कीं गाणें आपलें झालें, हें त्यांस आम्हींच शिकविलें आहे. आमच्या बैठकींतल्या त्या निकालाचें फळ मला त्या मांडवांत दिसलें.

येथें एक आक्षेप संभवतो. "म्हणजे तुम्ही लोकांच्या दुःखाचा शब्द बाजूस सारून केवळ नादाची चैन करा असें सांगतां ?" मुळींच नाहीं. मी शब्दास खालीं बसवीत नाहीं. त्यास बसावयास पाट मांडा एवढेंच म्हणतों. त्या गोंधळ्याच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या जें सांभाळलें तें केवळ देवीच्या गाण्याचें पाठांतर नव्हे. संबळाच्या कातड्यावर टिपरी कशी पडावी, तुणतुण्यानें केव्हां थांबावें, झांजेनें कोणास वाट द्यावी, हेंही तितकेंच सांभाळलें. शब्द वहींत उतरवून घेतां येतो. हें वहींत उतरत नाहीं. तो म्हातारा गेला म्हणजे हें त्याच्याबरोबर जाईल, आणि वहींतलें गीत गिटारीवर गाऊन तें परत येणार नाहीं.

दुसऱ्या बाजूचे कांहीं अतिरेकी असेही आहेत कीं 'कंदिसा'मध्यें शब्द घेऊन या वृंदानें बाजाराशीं सलोखा केला, असें ते म्हणतात. त्यांशीं माझें जमत नाहीं. शब्द उशिरां आला, पण आला तो मानानें आला. ज्यानें सात वर्षें त्याची वाट पाहिली त्यानें त्याला विकलें, हें बोलणें कृतघ्नपणाचें आहे.

तेव्हां माझ्या तरुण मित्रांस माझी विनंति एवढीच : तुमची पहिली मुद्रिका शब्दांवांचून काढा. गिटार घ्या, अवश्य घ्या. पण त्या गोंधळ्यास मधोमध बसवा, यंत्रांतला ताल बंद करा, आणि संबळ सांगेल त्या चालीनें चाला. आमच्या बैठकींतले लोक म्हणतील कीं हें मुकें आहे, ही उमेदवारी आहे. म्हणूं द्या. दिल्लीच्या चौघांसही आम्ही तेंच म्हटलें होतें.