समोरच्या बाजूला कोण बसणार?

मंडळी, एक सोपा प्रश्न. दिवाळीतल्या किल्ल्यावर सगळं असतं. सिंहासनावर महाराज, बुरुजावर तोफा, दरवाज्यात पहारेकरी, पायथ्याशी गवळण, गुहेत वाघ, उतारावर हळिवाचं हिरवंगार गवत. नसतं ते काय?

शत्रू!

पुण्यात दिवाळीच्या आधी रस्त्याकडेला मातीचे मावळे मांडलेले असतात, हवे तेवढे घ्या. पण "समोरचं सैन्य द्या" म्हणून बघा, विकणारा तुमच्याकडे बघत राहील. त्यामुळे आपला किल्ला ही बघायची वस्तू राहते, खेळायची होत नाही. आपल्याकडे मिनिएचर वॉरगेम रुजत नाही ह्याचं कारण लोक पैसा सांगतात, जागा सांगतात. माझ्या मते खरी अडचण हा गायब शत्रू आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडायची. त्यावर छोटे रंगवलेले शिपाई उभे करायचे. पट्टीने मोजून हलवायचे आणि लढाईचा निकाल फाशांनी लावायचा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने असा खेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आणला. 'टाइम मशीन'वाल्या एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक काढलं, त्यात खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने शिपाई पाडायचे. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने वॉरहॅमर आणला आणि त्याचा मोठा धंदा झाला. तिकडच्या दुकानांत डेमो डे असतो. एक टेबल मांडून ठेवतात, येणाऱ्याला अर्ध्या तासात एक छोटी लढाई खेळायला देतात. आवडलं तर तो खोका घेऊन जातो.

हे सगळं मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ढोकीला केलं. हो, ढोकीच! धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा साखर कारखान्याचं गाव. तिथे गेम स्टोअर कुठून असणार? मामाचं वह्या-पुस्तकं, खेळणी आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, तेच आमचं गेम स्टोअर. पुण्याहून मातीचे मावळे नेले. विलायती खोक्याला काही हजार रुपये मोजायचे आणि मग पोरांना "हात लावू नका" म्हणायचं, ह्यात अर्थ नाही. डेमोतली बाहुली पडली, फुटली तरी चालणारीच हवी. आणि मातीच्या बाहुल्यांचं ह्या भागाला नवल ते काय? जवळचं तेर हे गोरोबाकाकांचं, म्हणजे कुंभाराचं गाव. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या मूर्ती आजही बघायला मिळतात.

समोरचं सैन्य मात्र मी पुठ्ठ्याचं कापलं. ते मिळतच नाही ना!

लढाई निवडली पावनखिंडीची. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा, रात्री महाराज निसटले, मागे सिद्दी मसूदचं सैन्य, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू मोजक्या मावळ्यांनिशी उभे. डेमोसाठी ह्याहून चांगली लढाई मला तरी माहीत नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं प्रस्तावनेत जात नाहीत. आणि इथे जिंकणं म्हणजे माणसं मारणं नाही, वेळ काढणं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर बॉटलनेक मुद्दाम तयार करायचा आणि टाइमआउटपर्यंत टिकवायचा :)

नियम एका पानात बसवले. खिंडीत १२ मावळे आणि बाजी, समोर ३० पुठ्ठे. दोन्हीकडून एका वेळी तिघंच लढू शकतात, म्हणून प्रत्येकाचे तीन फासे. चार किंवा जास्त पडले की समोरचा एक पडला. बाजी पुढच्या रांगेत असतील त्या फेरीला शत्रूचा एक फासा कमी, पण उरलेल्या फाशांत सहा आला तर बाजी पडले. आठ फेऱ्या संपल्या की विशाळगडाची तोफ वाजली, मावळे जिंकले. त्याआधी खिंड मोकळी झाली तर मसूद जिंकला.

शत्रूकडे आणखी एक डाव आहे. मागचे बंदूकवाले पुढे आणायचे तर एक फेरी हल्ला थांबवावा लागतो, पण त्यानंतर दर फेरीला तीनऐवजी चार फासे. आता हिशेब बघा (बाजींचा नियम बाजूला ठेवून). न थांबता लढलात तर दर फेरीला सरासरी दीड मावळा, आठ फेऱ्यांत बारा. पहिल्याच फेरीला थांबलात तर सात फेऱ्यांत चौदा. पाचव्या फेरीला थांबलात तर पुन्हा बाराच, म्हणजे थांबून काही मिळवलं नाही. थांबायचं तर आधीच थांबावं लागतं, आणि समोर खिंड दिसत असताना पहिल्या फेरीला थांबायची इच्छा कोणालाच होत नाही. हे मी भाषणात सांगितलं असतं तर पोरं पळून गेली असती. मसूदच्या खुर्चीत बसलेल्या आठवीतल्या एका पोराला ते दुसऱ्या डावात आपोआप कळलं. त्यानंतर त्याने विचारलं, "दादा, खिंडीला वळसा घालून जायला वाट न्हाई का?" डेमो यशस्वी झाला की नाही ते खपलेल्या मालावरून ठरवू नका, अशा प्रश्नावरून ठरवा.

पण त्या खुर्चीत बसायला पहिल्यांदा कोणीच तयार नव्हतं. सगळ्यांना बाजी व्हायचं होतं. मामा गल्ल्यावरून म्हणाला, "आरं, हे काय मांडायलास? उद्या पोरांनी बाजीप्रभूंना हरवलं तर लोक काय म्हणतील?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजकाल इतिहासावरून कोणाच्या भावना कशाने दुखावतील ह्याचा भरवसा नाही, आणि मामाला त्याच गावात दुकान चालवायचंय. तरीही माझं मत ठाम आहे. ज्या डावात मावळे हरूच शकत नाहीत तो डाव बाजींचा मान वाढवत नाही, कमी करतो. निकाल आधीच ठरलेला असेल तर खिंडीत उभं राहण्यात मोठेपणा कसला? सहाव्या फेरीला चार मावळे उरलेत, हातातल्या फाशांना घाम सुटलाय, बाजींना पुढे काढावं की नाही कळत नाहीये... तेव्हा पोरांना पहिल्यांदा जाणवतं की हे अवघड होतं. शत्रू शहाणा आणि ताकदवान होता, म्हणून तर ती खिंड पावन झाली.

आणि दुसऱ्याच्या बाजूने उभं राहणं आपल्याला नवीन थोडंच आहे? शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोणीतरी अफजलखान होतोच की. दाढी चिकटवून, गडगडाटी हसून तो भाव खाऊन जातो, आणि त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. टेबलावरही तेच. मामाला मी एवढंच सांगितलं. तो "बघ बाबा" म्हणाला. नंतर दुपारी गिऱ्हाईक नसताना स्वतः मसूदच्या बाजूला येऊन बसला. हरला, आणि "फासेच वाईट आहेत" म्हणाला. लुडोचेच होते, त्याच्याच दुकानातले.

ह्याचा अर्थ कुठलीही लढाई टेबलावर मांडावी असा नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं आणि नळदुर्गचा पूल ताब्यात घेतला. नकाशा, पूल, वेळेचं बंधन, डेमोला लागणारं सगळं त्यात आहे, शिवाय ह्याच जिल्ह्यातलं. पण त्या काळात ज्यांनी घरचं माणूस गमावलं ती कुटुंबं अजून इथे राहतात. तिथे समोरच्या खुर्चीत बसणं म्हणजे शेजाऱ्याच्या जखमेवर बसणं. म्हणून ती लढाई मी मांडली नाही आणि मांडणारही नाही. समोरच्या बाजूला बसायला जसं धाडस लागतं तसंच थोडं अंतरही लागतं.

असो. पुण्या-मुंबईतल्या, बंगळुरातल्या माझ्या वाचकांना सांगणं असं, की बोर्डगेम कॅफेत आपण आपल्यासारख्यांनाच डेमो देत बसतो. पुढच्या सुट्टीत गावी जाताना एक पुठ्ठा, कात्री आणि सहा-आठ फासे बॅगेत टाका. ओळखीच्या दुकानदाराकडे एक टेबल मागा. रंगाच्या चार बाटल्या जास्त खपल्या तर तोही नाही म्हणणार नाही (मामाच्या खपल्या). नियम एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, पाच मिनिटांत समोरच्याच्या हातात फासे द्या, आणि मध्ये मध्ये सल्ले देऊ नका. आपल्याला कोड रिव्ह्यूची सवय असते, ती घरी ठेवा.

आणि समोरच्या खुर्चीत पहिल्या डावाला तुम्ही बसा. दुसऱ्या डावाला ती मोकळी राहणार नाही.