काय मारू?

सकाळी पावणेसहाला आमच्या द्राक्षवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला फोटो पडतो. एक पान. हललेलं, अर्धं सावलीत. पान धरणाऱ्या अंगठ्याचं नख तेवढं स्वच्छ दिसतं. खाली मजकूर: "भाऊ, काय मारू?"

जात कोणती, छाटणीला किती दिवस झाले, जमीन काळी की मुरमाड, पाऊस पडला का, आधी काय फवारलंय, बाग निफाडात आहे की तासगावात, यातलं एक अक्षर नाही. पान पाठवलंय, आता तुम्ही ओळखा. लहानपणी आमच्या गावात पहाटे पिंगळा यायचा भविष्य सांगायला. तोही आधी घरात कोण कोण आहे याची चौकशी करायचा.

त्या दोन शब्दांत आमचं सगळं दुखणं आहे. "काय झालंय?" असं कुणी विचारत नाही. काहीतरी मारायचं, हे प्रश्न विचारण्याआधीच ठरलेलं असतं. फक्त बाटलीचं नाव हवं असतं. विषाला आम्ही 'औषध' म्हणतो, ते विकणाऱ्याला 'डॉक्टर' म्हणतो आणि मग रोग न विचारता गोळी मागतो. ज्या डब्यावर लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा त्रिकोण छापलेला असतो आणि तो रंग विष किती जहाल ते सांगतो, त्या डब्याबद्दल आम्ही भेळेत तिखट किती टाकू इतक्या सहजपणे बोलतो. या ग्रुपवर मी सहा वर्षं आहे. "काही मारू नका, आठ दिवस थांबा" असं उत्तर मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं असेल. त्या उत्तराला अंगठेही मिळत नाहीत. ज्यात काही विकत घ्यायचं नाही, ते आम्हाला उत्तर वाटतच नाही.

आता उत्तरं देणाऱ्यांकडे वळू. पहिलं उत्तर चाळीस सेकंदांत येतं. फोटो मोठा करून बघायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. "डाऊनी आहे, मेटालॅक्झिल घ्या." दुसरा, "डाऊनी नाही, मॅग्नेशियम कमी पडलंय." तिसरा, "पोटॅश सोडा, रिझल्ट एक नंबर." चौथा, "सेम प्रॉब्लेम." पाचवा, "मलाही सांगा." सहावा नुसते हात जोडतो. आणि सातवा, तो खरा पोचलेला: "पर्सनलला मेसेज केलाय, बघा." या सातव्याचं मला फार कौतुक आहे. रोग हजार जणांसमोर, इलाज मात्र कानात! निदान बरोबर असेल तर चारचौघांत सांगायला हरकत काय? हरकत एवढीच की चारचौघांत कुणीतरी विचारेल, "यात तुमचं दुकान कुठं आलं?"

पिवळं पडलेलं पान घ्या. सगळ्यात जास्त फोटो त्याचेच येतात. पान पिवळं पडणं हा रोग नव्हे, ती तक्रार आहे. माणसाला ताप येतो तशी. शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर संशय लोहावर. खालच्या जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमवर. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पोटॅशवर. खालून वर सगळी वेल फिकट असेल तर नत्रावर. पिवळे तेलकट डाग असतील आणि पान उलटं केल्यावर त्यांच्याच मागे कापसासारखी पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा, म्हणजे डाऊनी. पांढरट राखाडी पावडर वरच दिसत असेल तर ती भुरी. म्हणजे निम्मं निदान दोन गोष्टींत आहे: पान वेलीवर कुठलं, आणि त्याची मागची बाजू कशी. सहा वर्षांत पानाच्या मागच्या बाजूचा फोटो आपणहून टाकलेला माणूस मला भेटायचा आहे. त्याहून वाईट म्हणजे, मागची बाजू दाखवा म्हणणारासुद्धा महिन्यातून एखादाच.

आणि चुनखडीच्या जमिनीत तर लोह असतंच, ते वेलीला घेता येत नाही. तिथे वरून पोतं ओतलं तरी पान पिवळंच. लोह ओतलं म्हणजे पान हिरवं होतंच असं नाही, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या खिशातून कळलंय.

चार वर्षांपूर्वी गोडी छाटणीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास माझ्या थॉमसनच्या प्लॉटमध्ये शेंडे पिवळे पडायला लागले. मीही तेच केलं. फोटो, दोन शब्द, हात जोडलेली खूण. अकरा उत्तरं आली. फेरस सल्फेट फवारलं. मग चिलेटेड लोह ड्रिपमधून सोडलं. मग झिंक, मग कुठलंसं समुद्री शेवाळाचं टॉनिक, मग मुळ्या 'ओपन' करायला ह्युमिक. साडेनऊ हजार रुपये जमिनीत गेले आणि पानं होती तशीच. विरळणीला आलेल्या मावशी एक दिवस कात्री थांबवून म्हणाल्या, "भाऊ, खालच्या अंगाच्या चार वळीच तेवढ्या पिवळ्या पडल्यात, वरच्या तर झ्याक हायेत."

खालच्या अंगाला सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह गळत होता. रात्रंदिवस थेंब थेंब. त्या चार ओळींची मुळं दलदलीत गुदमरली होती. बुडालेल्या मुळांना लोह कसलं घेता येतंय! मी पिवळेपणावर उपाय म्हणून त्याच ओळींना ड्रिपमधून आणखी पाणी सोडत होतो. एक वॉशर बदलला. बावीस रुपये.

अकरा जणांपैकी एकानेही "कुठल्या ओळी?" असं विचारलं नव्हतं. मावशींनी विचारलं नाही, त्यांनी पाहिलं. पण मुद्दा असा की मीही सांगितलं नव्हतं. सांगायला आधी बघावं लागतं, आणि बघायला बांधावरून आत उतरावं लागतं. प्रश्न नीट लिहायला बसलो असतो, "किती ओळी, कुठल्या, कधीपासून" एवढं लिहिण्यापुरता जरी प्लॉट फिरलो असतो, तर प्रश्न पाठवायची वेळच आली नसती. आमच्यातल्या बऱ्याच जणांना नेमकं हेच नको असतं. प्रश्न विचारणं ही विचार टाळण्याची सोय झाली आहे.

सरकारी किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू आहे. 1800-180-1551, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आमच्या ग्रुपवर त्याची टिंगल होते. तक्रार काय, तर "ते लोक आधी जिल्हा, तालुका, पीक असलं काहीबाही विचारत बसतात." अहो, तेच तर विचारायचं असतं! जो काही विचारत नाही तो हुशार, आणि विचारतो त्याला काही येत नाही, असा उलटा न्याय आम्ही लावून ठेवलाय.

या उलट्या न्यायाची किंमत द्राक्षवाल्यांनी एकदा रोकडी मोजली आहे. फुटींचा जोर आवरायला आम्ही सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वर्षानुवर्षं वापरत होतो. बांधाबांधावर चर्चा एकच: किती मिली, कितव्या पानावर. 2010 साली युरोपात गेलेल्या मालात त्याचेच अंश सापडले, कंटेनर अडकले, आणि तो हंगाम निर्यातदारांपासून बागायतदारांपर्यंत सगळ्यांना घेऊन बुडाला. डोस सगळ्यांना पाठ होता. ते घडात किती दिवस राहतं आणि विकत घेणारा ते तपासतो का, हे प्रश्न आमच्या तोंडी नव्हते. आज अवशेषांच्या याद्या आहेत, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते छापलेलं असतं, मांजरीचं द्राक्ष संशोधन केंद्र दरवर्षी सांगतं. तरी काढणीला बारा दिवस उरले असताना "भुरी दिसतेय, काय मारू" असं विचारणारा असतो आणि काढणी कधी आहे हे न विचारता नाव सांगणाराही असतो.

यवतमाळचं तर नाव काढलं की द्राक्षवाले म्हणतात, ते कापसाचं, आपलं वेगळं. 2017 च्या पावसाळ्यात तिथे फवारताना विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. कारणं पुष्कळ होती. डोक्याइतकी वाढलेली पराटी, उघडं अंग, दमट हवा, आणि एका पंपात दोन-तीन कीटकनाशकांची मिसळ. मिसळ कुणी सांगितली? कुठल्या कागदावर सही नसते. काउंटरवर कुणीतरी विचारलं, कुणीतरी सांगितलं. फवारणारा तर बहुतेक वेळा तिसराच, रोजंदारीवरचा. त्याने ना प्रश्न विचारला होता ना उत्तर ऐकलं होतं.

जाणकारांनाही मी सोडणार नाही. आमच्यात चार-पाच जण खरोखर माहीतगार आहेत. त्यातल्या दोघांना नवख्या पोराने काही विचारलं की उत्तर तयार: "आधी अभ्यास करा, मग ग्रुपवर या." किंवा "वर चर्चा झालीय, स्क्रोल करा." वर म्हणजे कुठं, गुड मॉर्निंगच्या दोनशे गुलाबांच्या वर? पोराला प्रश्न विचारता येत नाही हे खरं. पण ते शिकवणार कोण? "पान उलटं करून फोटो टाक" एवढं लिहायला, त्याला खडसावायला लागतं त्यापेक्षा कमी टायपिंग लागतं.

आणि एखाद्याने मनापासून लिहिलंच, तर त्याचं काय होतं तेही ऐका. मागच्या पावसाळ्यात एका सत्तरीच्या बागायतदाराने एक टक्का बोर्डो मिश्रण कसं करायचं ते नीट लिहून टाकलं. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचं, चुना गाळून घ्यायचा, मग एकत्र करायचं. त्यात घासलेला लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुना वाढवा, नाहीतर पानं भाजतील. त्याच दिवशी फवारून संपवायचं. सोनं होतं ते. कारण सांगितलेलं, परीक्षा सांगितलेली, चुकलं तर काय होईल तेही सांगितलेलं. खालचा पहिला प्रतिसाद: "काका, एवढं कोण वाचणार? डायरेक्ट रेडिमेडचं नाव सांगा." काकांनी नंतर काही लिहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मी ग्रुपवर तीन गोष्टी सुचवल्या. फोटोबरोबर छाटणीचा दिवस, जात, आधीच्या दहा दिवसांतल्या फवारण्या आणि पानाच्या दोन्ही बाजू नसतील तर कुणी उत्तर देऊ नये. ज्याचं दुकान आहे त्याने उत्तराआधी तसं लिहावं. आणि ज्याने सल्ला घेतला त्याने दहा दिवसांनी परत येऊन काय झालं ते सांगावं. पहिल्या दोन्हींवर लोक हसले. तिसरीवर चिडले. परत येऊन सांगायचं म्हणजे काय, आम्ही काय रिपोर्ट द्यायला बांधील आहोत का? म्हणजे हजार माणसं रोज एकमेकांना उपाय सांगतात आणि त्यातला कुठला चालला, कुठला फसला, याची एक ओळ कुठेही नोंदलेली नाही. बरेच जण तर काम झालं की आपला प्रश्नच डिलीट करतात. पुढच्या ऑक्टोबरात तेच पान, तेच नख, तेच दोन शब्द.

एक जण मात्र परत आला. डिसेंबरात त्याने पानांवर तपकिरी डाग पडल्याचा फोटो टाकला होता आणि उत्तर देणारा मी होतो. नियम सुचवणारा मी, पण संध्याकाळी चहा पिता पिता दोन मिनिटांत लिहून मोकळा झालो होतो: "डाऊनी आहे", आणि पुढे बुरशीनाशकाचं नाव. नवव्या दिवशी त्याने लिहिलं, "दादा, फरक नाही. डाग वाढले." सोबत उलट्या पानांचे चार फोटो. मागच्या बाजू स्वच्छ होत्या. बुरशीचा मागमूस नाही. त्याच्यावर लोक तुटून पडले: डोस चुकला असेल, निगेटिव्ह बोलू नका, ग्रुपचं वातावरण खराब होतं.

जे पहिल्या दिवशी विचारायचं ते मी तेव्हा विचारलं. डाग पडायच्या आधी काय फवारलं होतं? त्याने वहीचं पान पाठवलं. पाच दिवसांत पाच औषधं, त्यातली दोन भर दुपारी एकाच टाकीत: एक फॉस्फोनेट आणि एक कॉपर. आम्लधर्मी द्रावणात तांबं पडलं की पान भाजतं, हे मला माहीत होतं. ते डाग त्या भाजण्याचे होते.

कॉपर कुणी सांगितलं, म्हणून मी ग्रुप मागे चाळला. ते मीच सांगितलं होतं. त्याला नव्हे, दिंडोरीच्या एका भलत्याच माणसाला, त्याच्या बागेसाठी, त्याआधीच्या आठवड्यात. यानं ते वाचून घेतलं होतं.