घसारा बॅटरीचा, हक्क दुरुस्तीचा

बँकेत असताना ‘घसारा’ हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला होता. यंत्र वापरात आले की त्याची किंमत वर्षागणिक उतरते, हे हिशेबाच्या वहीला मान्य असते. मात्र न वापरता, दुकानाच्या फळीवर पडल्या पडल्या जिचा घसारा चालूच राहतो अशीही एक वस्तू आता घरोघरी आली आहे. ती म्हणजे लॅपटॉपची बॅटरी.

आपल्याकडे लॅपटॉप सहसा टाकून देत नाहीत. पुण्याला नोकरीवर असलेला मुलगा नवा घेतो, जुना अमरावतीला कॉलेजात शिकणाऱ्या भाचीकडे येतो आणि पुढे आजोबांच्या टेबलावर विसावतो. यंत्र ठणठणीत असते, बॅटरी तेवढी मेलेली. पारसला आणि नांदगाव पेठेला वीज तयार होते, म्हणून अकोल्या-अमरावतीतली वीज कधी जातच नाही असे नव्हे. ती गेली की अर्धा भरलेला परीक्षेचा अर्जही जातो. ज्या घरात दुसरा लॅपटॉप घेण्याची ऐपत नाही, तिथे बॅटरी हा शिक्षणाचा प्रश्न होतो.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या घडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीचे दोन वैरी आहेत, उष्णता आणि सतत भरलेले पोट. पूर्ण चार्ज करून २५ अंशांत वर्षभर ठेवली तर तिची सुमारे ८० टक्के क्षमता उरते. ४० अंशांत ६५ टक्क्यांच्या आसपास. अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपलीकडे गेला आणि उन्हापायी जमावबंदीचा आदेश काढावा लागला. परगावच्या गोदामातली आयुष्याची हमी वऱ्हाडात तशीच लागू पडेल, ही अपेक्षाच चुकीची.

आता दुकानात चला. दुकानदार म्हणतो, ‘‘काका, ओरिजनलच समजा, घेऊन जा.’’ आपण समजू नये, वाचावे. पहिले पाहायचे ते व्होल्टेज. १०.८ आणि ११.१ हे एकाच घराण्यातले, एकाच्या जागी दुसरी सहसा चालते; १४.४ किंवा १४.८ चे घराणे वेगळे, ते इथे चालणार नाही. दुसरे, मिलिअँपिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास, आणि तीच खरी शिल्लक. १०.८ व्होल्टची ४४०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे साडेसत्तेचाळीस वॉट-तास.

तिसरी परीक्षा थापेची. जुन्या लॅपटॉपच्या जाड बॅटरीत बहुधा १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या सहा नळ्या असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. अशी एक चांगली नळी साडेतीन हजारांच्या आसपास थांबते. म्हणजे सहा नळ्यांच्या बॅटरीवर सात हजारांहून फार मोठा आकडा असेल तर तो छापखान्यात वाढला असे समजावे. एका नळीचे वजन ४५ ते ५० ग्रॅम. सहा नळ्यांची बॅटरी पाव किलोहून हलकी भरली तर काट्याने साक्ष दिली.

चौथी गोष्ट तारीख. कंपनीची अस्सल पण पाच वर्षे फळीवर पडलेली बॅटरी, आणि दुसऱ्या उत्पादकाची प्रामाणिक, ताजी बॅटरी यांत मी दुसरी घेईन. पाचवी गोष्ट नाव. उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता, भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर हा क्रमांक तपासता येतो. पक्के बिल घ्यावे. त्यावाचून ग्राहक आयोगापुढे उभे राहणे कठीण.

किमतीचा हिशेब महिन्यावर करावा. समजा, दीड हजारांची बॅटरी आठ महिने टिकली, तर महिन्याला १८८ रुपये पडले. छत्तीसशेची अडीच वर्षे टिकली, तर १२०. स्वस्त कोणती ते वेगळे सांगायला नको. मात्र त्याआधी यंत्राचे वय पाहावे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या यंत्रात पुढची आवृत्ती चालत नाही, तिथे मोफत मिळणारी लिनक्स घालून घ्यावी. अभ्यासाला आणि लेखनाला ती पुरते.

एवढी पारख ग्राहकाला का करावी लागते, हा खरा प्रश्न आहे. मॉडेल जुने झाले की कंपनी त्याची बॅटरी बनवणे थांबवते. यंत्र आपले, पण त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी कायद्यात यावर बोट ठेवले. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे अशी बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता यावी, आणि मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यावर किमान पाच वर्षे ती रास्त दरात सुटा भाग म्हणून मिळावी, असे बंधन आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही उघडले. पाऊल योग्य आहे. पण माहिती देणे वेगळे आणि पुरवठ्याचे बंधन घालणे वेगळे. कर्जदाराला सल्ला देऊन बँकेची वसुली होत नाही, तिथे करारातले कलमच लागते.

आपली बाजूही आहे. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, वापरू नये. आणि कोणतीही बॅटरी घंटागाडीत टाकू नये. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आणि आयातदारांवर घातली आहे, त्या वेगळ्या ठेवून देण्याची आपल्यावर. लॅपटॉप दिवसरात्र प्लगला लावून ठेवू नये, आणि मे महिन्यात टिनाच्या छपराखाली तर मुळीच नाही.

सरकारकडे मागायचे ते फार नाही. लॅपटॉप विकणाऱ्याने विकतानाच लिहून द्यावे, की याची बॅटरी अमुक वर्षांपर्यंत, अमुक किमतीला मिळेल. हे एक वाक्य बिलावर आले, तर भाचीचा लॅपटॉप आणखी चार वर्षे चालेल.